कास्तेलनोचा किल्ला, दोर्दोन्य: पलंग-झुंबरं बघायची असतील तर इथे जाऊ नका

फ्रान्समधला शातो म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर ल्वारच्या खोऱ्यातले ते राजवाडे येतात, मखमली पलंग, झुंबरं, भिंतभर गालिचे आणि कुठली राणी कुठल्या खिडकीत बसून कुणाची वाट बघायची त्याच्या गोष्टी. मला स्वतःला त्याचा दोन खोल्यांनंतर कंटाळा येतो. त्यामुळे नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागात कास्तेलनो नावाचा किल्ला आहे, खाजगी मालकीचा, आणि आत चक्क मध्ययुगीन युद्धाचं म्युझियम आहे हे कळल्यावर मी तुलूझहून गाडी काढून सगळ्यांना घेऊन गेले, साताऱ्याहून आलेल्या बाबांनाही. बाबांचा जन्म गड चढण्यात गेलाय, त्यांना इंप्रेस करणं अवघड. ते इंप्रेस झाले, पण कशाने ते पुढे सांगते.

तुलूझहून अडीच तासांच्या आसपास लागतात, सार्ला गावापासून मात्र अगदी जवळ आहे. दोर्दोन्य नदीला सेऊ नावाची छोटी नदी येऊन मिळते तिथे एक उंच कडा आहे आणि त्या कड्यावर हा बसलाय. खाली दगडी छपरांचं पिवळसर गाव, नदीत कयाक वल्हवणारी मंडळी, आणि नदीपलीकडे, अगदी नजरेच्या टप्प्यात, दुसऱ्या कड्यावर बेनाकचा किल्ला. हे दोन किल्ले एकमेकांचे जानी दुश्मन. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनो बहुतेक काळ इंग्रजांकडे आणि बेनाक फ्रेंच राजाकडे, मधे फक्त नदी. म्हणजे सकाळी उठून तटावर आलं की समोर शत्रूच्या चुलीचा धूर दिसणार! नकाशावर वाचलं तर ही नुसती माहिती असते, वर उभं राहिल्यावर कळतं की हा किल्ला इथे का आहे.

बाबांचा पहिला प्रश्न तिकीट खिडकीपाशीच आला, "मालक कोण ह्याचा?" सरकार नाही म्हटल्यावर त्यांना काही झेपेना. आपल्याकडे गड म्हटला की पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आलाच. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूंपैकी जवळपास निम्म्या खाजगी मालकीच्या आहेत, आणि हा किल्ला रॉसियों कुटुंबाचा, त्यांचीच कंपनी तो चालवते. १९६६ मध्ये ह्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, म्हणजे मालक असलात तरी मनाला येईल तसं काही करता येत नाही, दुरुस्तीला सरकारची परवानगी लागते, काम सरकारी देखरेखीखाली होतं आणि त्या बदल्यात खर्चाचा काही भाग सरकार उचलू शकतं. बाकीचा पैसा तिकिटातून यायला हवा. इथे वर्षाला दोन लाखांच्या वर लोक येतात, त्यामुळे ते जमत असावं. हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे किल्ला स्वतःच्या पायावर उभा आहे." चला, पुढे.

आता इतिहास, थोडक्यात सांगायचा तर जमणार नाही, कारण सुरुवातच इतकी भडक आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बेर्नार द कास्नाक नावाचा सरदार होता, कॅथर पंथाचा. चर्चच्या दृष्टीने हे पाखंडी, त्यांच्यावर पोपने थेट क्रूसेड, म्हणजे धर्मयुद्ध, पुकारलं होतं, इथल्याच ख्रिश्चनांवर. १२१४ मध्ये त्या क्रूसेडचा सेनापती सिमों द मोंफोर इथे आला आणि त्याने किल्ला घेतला. क्रूसेडवाल्यांच्या बखरकाराने लिहून ठेवलंय की ह्या कास्नाकने आणि त्याच्या बायकोने लोकांचे हातपाय तोडले आणि सार्लाच्या मठात असे दीडशे जण पाहिले. आणि विरुद्ध बाजूच्या कवीने, ऑक्सिटन भाषेत लिहिणाऱ्याने, ह्याच माणसाला गुणी, शूर, दिलदार योद्धा म्हणून डोक्यावर घेतलंय. कोण खरं? मला वाटतं दोघांनीही आपापल्या धन्याचं मीठ खाल्लं होतं. पुढच्याच वर्षी कास्नाकने किल्ला परत घेतला आणि मोंफोरने ठेवलेली शिबंदी फासावर लटकवली, हे मात्र सांगतात तसं झालंच, आणि मग त्याच वर्षी बोर्दोच्या आर्चबिशपच्या हुकुमाने किल्ला जाळला. तेव्हा आज जे उभं दिसतं त्यातलं काहीच कास्नाकने पाहिलेलं नाही. सगळ्यात जुनं बांधकाम, तो चौकोनी उंच मनोरा आणि त्याच्याभोवतीचा तट, हे जाळपोळीनंतरचं, तेराव्या शतकातलंच पण दुसऱ्यांदा बांधलेलं.

१२५९ च्या पॅरिसच्या तहात हा मुलूख इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीकडे गेला. मग १३३७ ला शंभर वर्षांचं युद्ध पेटलं आणि ह्या किल्ल्याने सात वेळा हात बदलले असं इथे सांगतात, मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. मधल्या काळात लग्नसंबंधातून तो कोमों घराण्याकडे आला, ते इंग्रजांच्या बाजूचे. १४४२ मध्ये सातव्या चार्ल्सच्या फौजेने वेढा घातला आणि तीन आठवड्यांनी इंग्रज किल्लेदाराने चाव्या देऊन टाकल्या, मोबदल्यात जीव आणि चारशे एक्यू, म्हणजे सोन्याची नाणी. बाबांना हे फार आवडलं. इतकी यंत्रं, इतक्या तोफा, आणि शेवटी दरवाजा उघडला तो पैशाने, "जगात सगळीकडे सारखंच आहे" म्हणाले.

पण ह्या जागेचं खरं मोल इतिहासाच्या सनावळीत नाहीये. तुम्ही खालून वर चढत जाता आणि भिंती बघता बघता लक्षात येतं की हल्ला करणाऱ्याच्या हातात काय होतं त्यावर भिंतीचा आकार ठरलाय. सुरुवातीची भिंत उंच आणि त्यामानाने बारीक, कारण भीती होती शिडीची आणि वरून येणाऱ्या दगडाची, आणि उंची असली की वरून मारणाऱ्याचं पारडं जड. जंग्या बघा, आतून रुंद कोनाडा आणि बाहेरून बोटभर फट, आत माणूस बाजूला सरकून सरकून तिरंदाजी करू शकतो पण बाहेरच्याला नेम धरायला काही दिसतच नाही. तटाच्या माथ्यावर त्यांनी लाकडी सज्जा पुन्हा बांधून दाखवलाय, तटाच्या बाहेर लोंबकळणारा, खाली फळ्यांमधे भोकं. भिंतीच्या पायथ्याशी सुरुंग खणायला कुणी आला तर त्याच्या डोक्यावर सरळ दगड सोडायचा. मी त्या भोकातून खाली पाहिलं आणि पोटात गोळा आला, मुलगा मात्र तिथून हलायला तयार नाही.

आणि मग येतो तोफेचा बुरूज. १५२० च्या सुमाराचा, गोल, जाड, बुटका दिसतो त्या मनोऱ्यापुढे. गोल कशाला, तर गोळा लागला की निसटावा, आणि कोपरा नसला की कोपरा ढासळायचा प्रश्न नाही. ह्यात खालच्या बाजूला तोफांसाठी झरोके आहेत आणि आत तोफा मांडून ठेवल्यात, त्या झरोक्यातून डोकावलं की कळतं कुठला रस्ता माऱ्यात येतो. जुना मनोरा आणि हा बुरूज ह्यांच्यामधे चालत पाच मिनिटं पण नाहीत, त्या पाच मिनिटांत अडीच-तीनशे वर्षांचं युद्धशास्त्र बदललेलं दिसतं. आपले राजगड-सिंधुदुर्ग बांधले गेले तेच मुळी तोफेच्या जमान्यात, त्यामुळे हा आधीचा टप्पा, तोफ यायच्या आधीचा किल्ला कसा विचार करायचा, तो आपल्याला सहसा असा शेजारी शेजारी बघायला मिळत नाही. बाबा इंप्रेस झाले ते इथे. हात पाठीमागे बांधून बराच वेळ त्या दोन्हीकडे बघत होते.

आता यंत्रं. पोरांना घेऊन जाणार असाल तर खरं आकर्षण हेच. बाहेरच्या मोकळ्या सज्ज्यावर दगड फेकायची लाकडी यंत्रं पूर्ण आकारात बांधून उभी केली आहेत, मॉडेल नव्हे, खरीखुरी, दरीकडे तोंड करून. तत्त्व आपल्या गोफणीचंच, फक्त गोफण एका लांबलचक तुळईच्या टोकाला बांधलेली आणि माणसाच्या हाताच्या जागी दुसऱ्या टोकाला वजन. सगळ्यात साधं पिएरिएर, ह्यात वजनबिजन नाही, माणसं दोर धरून एकदम खाली ओढतात आणि काही किलोचा दगड चाळीस-साठ मीटरवर जातो, पण मिनिटाला एक टाकता येतो, म्हणून हे तटावरून बचावासाठी. मग ब्रिकोल, ह्यात माणसंही ओढतात आणि थोडं वजनही मदत करतं. मांगोनोमध्ये वजन तुळईला घट्ट बसवलेलं. आणि ट्रेब्युशेमध्ये वजनाची पेटी बिजागरीवर लोंबती, त्यामुळे ती जवळजवळ सरळ रेषेत खाली पडते आणि सगळा जोर तुळईत उतरतो, शंभर किलोचा दगड दोनशे मीटरपर्यंत. पण तासाला एखाद-दुसराच, कारण तुळई परत खाली आणायला चाकं फिरवत बसावं लागतं आणि त्याला माणसंही ढीगभर लागतात. इथे एक गंमत कळते. आपल्याला वाटतं मोठं यंत्र म्हणजे भारी, पण मध्ययुगाच्या शेवटी शेवटी लढणाऱ्यांना आवडलं ते कुयार नावाचं छोटं यंत्र, एका वजनाऐवजी दोन, एकाच खांबावर, चार-आठ माणसांत चालतं आणि तासाला दहाएक दगड टाकतं. तोफा आल्यावरही हे सोळाव्या शतकापर्यंत टिकून होतं. म्हणजे हिशोब तेव्हाही तोच, माणसं किती लागतात आणि वेळ किती जातो.

सीझनमध्ये ह्यातलं एखादं चालवून दाखवतात, वेळा गेटवर लावलेल्या असतात, त्या आधी बघा आणि मगच आतला कार्यक्रम ठरवा. सांगणारा माणूस फ्रेंचमध्ये बोलतो आणि पब्लिकला हसवत असतो, भाषा आली नाही तरी तुळई सुटताना जो आवाज येतो आणि गोफण वरून वळसा घेते तेव्हा सगळ्यांच्या तोंडातून एकाच भाषेत आवाज निघतो. लोहाराचं प्रात्यक्षिकही असतं, ते मला जास्त आवडलं खरं तर, पण मुलाने तिथे थांबू दिलं नाही.

आतलं म्युझियम १९८५ पासून आहे. मजल्यावर मजले, गोल जिन्याने वर वर जायचं. क्रॉसबो इतक्या प्रकारचे की आधी कळत नाही काय बघावं, मग एकेकाची दोरी ताणायची यंत्रणा बघायला लागलं की वेळ कसा जातो कळत नाही, पायाने दाबून ओढायचा, कमरेच्या पट्ट्याला हुक लावून ओढायचा, रहाट फिरवून ओढायचा. तलवारी, भाले, साखळीचं चिलखत, पत्र्याचं चिलखत, शिरस्त्राणं. एक बारा नळ्यांची तोफ आहे, नळ्या शेजारी शेजारी एका गाड्यावर, मुलगा म्हणाला मशीनगन, अगदीच चूक नाही म्हणा. माझी तक्रार म्हणाल तर एवढीच की मधल्या काही दालनांत माहितीचे फलक आणि पडदे इतके झालेत की खोलीची भिंत दिसत नाही, आणि मला भिंत बघायची होती. ही खोली कुणाची, इथे चूल कुठे, झोपायचं कुठे, ह्या प्रश्नांना म्युझियममुळे जरा दुय्यम जागा मिळालीये. स्वयंपाकघर मांडून ठेवलंय तेवढं समाधान. पण ही तक्रार माझ्यासारख्याची, बाकीचे खुश दिसत होते.

तसंही इथे राहणाऱ्यांनाच राहणं आवडत नव्हतं! १४८९ मध्ये कोमों घराण्यातल्या फ्रांस्वाने जवळच मिलांद नावाचा ऐसपैस, मोठ्या खिडक्यांचा वाडा बांधला बायकोसाठी, आणि कुटुंब तिकडे गेलं, किल्ला लढाईपुरता उरला. (हाच तो मिलांद जो १९४७ मध्ये गायिका जोसेफिन बेकरने विकत घेतला. वेळ असेल तर तोही करा, पण त्याच दिवशी नको.) सोळाव्या शतकात कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी झाली तेव्हा इथे जन्मलेला जोफ्रुआ द व्हिव्हां हा प्रोटेस्टंटांचा कप्तान इतका बदनाम होता की त्याच्या किल्ल्याच्या वाटेला कुणी गेलंच नाही. ह्याने १५८८ मध्ये शेजारचं दोम नावाचं तटबंदीचं गाव घेतलं, कसं, तर रात्री तीसेक माणसं कड्यावरून वर चढवली, जिकडून कुणी येणारच नाही म्हणून पहारा नव्हता, आणि वर पोचल्यावर ढोल-ताशे वाजवून एवढा कल्लोळ केला की झोपेतल्या गावाला वाटलं फौजच आत घुसली, त्या गोंधळात दरवाजे उघडले. हे मी वाचून दाखवत असताना बाबा मधेच म्हणाले, "कोंडाजी फर्जंद." साठ माणसं, पन्हाळा, १६७३, तीच युक्ती, कर्णे वाजवून. व्हिव्हांचं नाव कोंडाजीच्या कानावर जायचं काही कारणच नाही, पण अंधारात आवाज मोठा केला की थोडी माणसं जास्त वाटतात हे दोघांनाही आपापलं सुचलेलं. नंतर संध्याकाळी आम्ही दोमला गेलो, त्या कड्यावरून खाली पाहिल्यावर त्या तीस जणांबद्दल आदर वाढला.

राज्यक्रांतीनंतर किल्ला ओस पडला, झाडं वाढली, आणि १८३२ मध्ये तर लोकांनी त्याची खाण केली, दगड काढून खाली नदीकाठच्या बांधकामाला नेले. म्हणजे आज जे अखंड दिसतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात पुन्हा उभं केलेलं आहे, छपरं, मजले, वरचे भाग. काही लोकांना हे खटकतं, त्यांना पडका किल्लाच खरा वाटतो. माझं मत उलटं आहे. जुने फोटो लावलेत तिथे, ते बघा, भिंतींतून झाडं आलेली आहेत, अजून पन्नास वर्षं तसंच ठेवलं असतं तर आज फक्त ढिगारा आणि एक बोर्ड असता. आणि नवीन काम पाथरवटांनी त्याच जातीच्या दगडात केलंय, चुन्यात. फक्त कुठलं नवीन आणि कुठलं जुनं हे फलकांवर अजून ठळक सांगायला हवं होतं, सामान्य माणसाला कळत नाही आणि तो सगळंच तेराव्या शतकातलं समजून घरी जातो.

आता कामाचं. गुडघे दुखत असतील तर विचार करून या. गावातूनच चढ आहे, दगडी फरसबंदीचा, आणि आत गोल जिने अरुंद, समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला चिकटायचं. बाबागाडी विसरा, पोराला पाठीवर घ्या. आम्ही बाबांना मधे मधे खिडकीच्या कट्ट्यावर बसवत वर नेलं, त्यांनी मात्र "तुम्हीच दमलात" असा आव आणला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी भयंकर गर्दी असते, सकाळी उघडल्या उघडल्या जा किंवा सरळ संध्याकाळकडे. मे किंवा सप्टेंबर जमत असेल तर सोनं. तिकीट ऑनलाइन काढा. त्याच कंपनीची मार्केसाकची बाग नदीपलीकडे आहे, गोल गोल कापलेल्या हिरव्या झुडपांची, दोन्हींचं मिळून तिकीट मिळतं आणि तिथून हा किल्ला समोरून पूर्ण दिसतो, फोटो तिकडूनच चांगला येतो.

खाण्याचं म्हणाल तर हा बदकाचा प्रांत आहे, बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवलेलं), बदकाचं फोआ ग्रा (म्हणजे यकृत), सॅलडमध्येही बदक. आम्ही गावातल्या एका हॉटेलात बसलो तर शाकाहारी म्हटल्यावर वेटरने आधी सॅलडमधून बदक काढून आणून दिलं. मग बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, अक्रोड आणि ब्रेड असं जमवलं, आणि तेच सगळ्यात चांगलं निघालं, इथले अक्रोड खरंच वेगळे आहेत. अक्रोडाचा केक नक्की खा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, अक्रोड तिथून घ्या, किल्ल्याच्या पायथ्याशी नको.

बेनाक की कास्तेलनो असं विचारणाऱ्यांसाठी, कारण बहुतेकांना एकच जमतो. बेनाकही खाजगी आहे, पण तिथे म्युझियम वगैरे काही नाही, मोठी रिकामी दालनं, पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं असलेली छोटी प्रार्थनेची खोली, आणि कड्याची उंची अशी की तटावर उभं राहिलं की हात आपोआप दगड धरतो. सिनेमावाले तिथे शूटिंगला येतात ते उगीच नाही. एकटे असाल, शांतता हवी असेल, किल्ला किल्ल्यासारखा बघायचा असेल तर बेनाक. पोरं बरोबर असतील किंवा यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय झोप येत नसेल तर कास्तेलनो. आमच्याकडून कास्तेलनोला पाचात साडेचार, अर्धा त्या फलकांसाठी कापला. बाबांनी पाच दिले असते, पण त्यांचं म्हणणं वर चढल्यावर चहा मिळायला हवा होता.